परिसंस्था कशी चालते: भरतपूरच्या तळ्याचा धडा

"परिसंस्था म्हणजे काय?" हा प्रश्न परीक्षेत येतोच, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच उत्तर असते. सजीव घटक, निर्जीव घटक आणि त्यांच्यातील आंतरक्रिया. त्याखाली बाणांची ओळ: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. उत्तर बरोबर आहे आणि मी त्याला पूर्ण गुण देतो. पण एखाद्या पलटणीची ओळख करून देताना नुसता हजेरीपट वाचून दाखवावा, तसे हे उत्तर आहे. कोण कोण हजर आहे ते कळते. कोणाकडे कोणते काम आहे आणि तो नसला तर काय अडेल, हे त्यातून कळत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या लेखात व्याख्या थोड्या ठेवल्या आहेत आणि एकच जागा नीट पाहायची आहे. ती म्हणजे राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान. मी मुलांना घेऊन दोनदा तिथे गेलो आहे, पण निवडीचे कारण ते नाही. या एका जागेतून गेल्या चार दशकांत तीन गोष्टी कमी झाल्या: म्हशी, पाणी आणि गिधाडे. म्हशी सरकारी आदेशाने गेल्या, पाणी धरणामुळे आटले आणि गिधाडे एका स्वस्त औषधाने संपवली. प्रत्येक वेळी ती गोष्ट कोणते काम करत होती, ते ती गेल्यावरच लक्षात आले. परिसंस्था कशी चालते हे शिकायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही, आणि यापेक्षा महागडीही.

जागेची ओळख

उद्यान फार मोठे नाही. सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातला साधारण तिसरा भाग पाणथळ. बाकी बाभूळ, कळंब, बोर आणि गवताळ रान. जमीन मुळातच खोलगट. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी या भागात पसरे. अठराव्या शतकात भरतपूरचे महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला आणि पुढे संस्थानाच्या काळात पाळी, बंधारे आणि दारे बांधून या खोलगट जागेचे उथळ तळ्यांचे कप्पे केले गेले. म्हणजे ज्याला आपण आज 'निसर्ग' म्हणून पाहायला जातो, त्याचा नकाशा बराचसा माणसाने आखलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हे कप्पे बांधले ते बदकांच्या शिकारीसाठी. उद्यानात केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडी फलकावर शिकारींच्या तारखा आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडे कोरलेले आहेत. १९३८ सालच्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. मुले हा आकडा वाचून गप्प होतात. मग मी त्यांना विचारतो, इतके मारूनही पुढच्या हिवाळ्यात बदके परत का आली? शिकार चांगली होती असे मला म्हणायचे नाही. पण बंदुकीने पक्षी गेले तरी तळे शाबूत राहिले. पाणी, पाणवनस्पती, कंद, किडे, गोगलगायी, मासे, घरट्यांची झाडे हे सारे आपापल्या कामावर होते. मारले गेलेले पक्षी ही संख्येची हानी होती. पुढे जी हानी झाली ती कामाची होती, आणि तिला एकही काडतूस लागले नाही.

आज इथे साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. १९८१ मध्ये हे तळे रामसर यादीत गेले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा झाले.

ऊर्जा एकदाच येते, माती-पाणी फिरत राहते

आता थोडे शास्त्र. इंग्रजीत ज्याला 'इकोसिस्टिम' म्हणतात तो शब्द आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये वापरात आणला. त्याचे म्हणणे असे की जीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा वेगवेगळी अभ्यासून भागत नाही. सगळे मिळून एक यंत्रणा धरली पाहिजे. सात वर्षांनी रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने मिनेसोटातील एका छोट्या तळ्याचा हिशेब मांडला: सूर्यप्रकाशातून किती ऊर्जा वनस्पतींत आली, त्यातली किती प्राण्यांत गेली. १९४२ मध्ये लेख छापून आला, तेव्हा लेखक हयात नव्हता. वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच तो गेला. पण आपल्या पाठ्यपुस्तकातला ऊर्जेचा मनोरा उभा आहे तो त्याच्याच हिशेबावर.

हा मनोरा समजायला आपला मेस पुरेसा आहे. एक कॅडेट वर्षभरात कित्येक शे किलो अन्न खातो. वजन मात्र चार-पाच किलोने वाढते. बाकीचे गेले कुठे? पीटीत, पळण्यात, शरीर गरम ठेवण्यात, आणि काही न पचता बाहेर. प्रत्येक पायरीवर हेच होते. ढोबळ मानाने एका पायरीवरच्या ऊर्जेचा दहावा हिस्सा वरच्या पायरीला मिळतो. कुठे कमी, कुठे जास्त. दहा टक्के हा काही कायदा नाही. तरी तेवढ्याने हिशेब लागतो. पाणवनस्पती आणि शेवाळात १०,००० एकक ऊर्जा असेल, तर ती खाणाऱ्या किडे-गोगलगायी-माशांत १,००० उरेल, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणि बगळ्यांत १००, आणि सगळ्यात वरच्या गरुडात १०. म्हणून तळ्यावर बदके हजारांनी दिसतात आणि गरुड बोटांवर मोजण्याइतके. गरुड दुर्बळ आहे म्हणून नव्हे, त्याची रसद तीन ठिकाणी कापली जाऊन त्याच्यापर्यंत पोचते म्हणून.

ऊर्जा अशी खर्च होत जाते आणि उष्णतेच्या रूपाने निघून जाते. ती परत येत नाही, रोज नवा सूर्य लागतो. पण नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन यांचा पुरवठा बाहेरून रोज होत नाही. आहे तोच माल फिरवावा लागतो. भरतपूरला पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांच्या वसाहती असतात. झाडांखालचे पाणी त्यांच्या विष्ठेने पांढुरके झालेले दिसते आणि वासही येतो. मुले नाक धरतात. पण ती विष्ठा म्हणजे तळ्याभर हिंडून खाल्लेल्या माशांतला फॉस्फरस आणि नायट्रोजन आहे. तो पाण्यात पडतो, जिवाणू त्याचे विघटन करतात, शेवाळ वाढते, शेवाळावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर माशांची पिल्ले. चक्र पूर्ण. हे चक्र फिरवणारे बहुतेक कामगार डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. घारीचे चित्र प्रत्येक पुस्तकात असते, चिखलातल्या जिवाणूचे नसते. माझ्या मते हा अन्यायच आहे.

म्हशींचे काम

तर आता म्हशी. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यात चरत आली होती. राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. विचार सरळ होता: गुरे गवत खातात, तुडवतात, पक्ष्यांना त्रास होतो, म्हणून गुरे बाहेर. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. उद्यानाभोवती भिंत आहे, म्हशी तिच्या बाहेर राहिल्या.

त्याच दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षे पाणी, वनस्पती, मासे आणि पक्षी यांच्या नोंदी घेत होते. त्यांच्या नोंदींतून जे पुढे आले ते कोणालाच अपेक्षित नव्हते. पॅस्पॅलम नावाचे एक पाणगवत आहे. ते काठावरून पाण्यावर पसरते आणि त्याची सतरंजी होते. आजवर ते म्हशी खात होत्या. म्हशी गेल्यावर ते मोकळे सुटले. उघडे पाणी कमी झाले. बदकांना उतरायला आणि पोहायला जागा उरेना. दाट गवतातून कंद उकरून खाणाऱ्या पक्ष्यांची अडचण झाली. मासे कमी झाले. पक्ष्यांसाठी केलेली बंदी पक्ष्यांनाच नडली.

असे का झाले, ते पायरीपायरीने पाहू. कोणतेही उथळ तळे स्वतःच्याच कारभाराने हळूहळू बुजत असते. गाळ येतो, वनस्पती वाढतात, मरतात, तळाशी साठतात. तळे उथळ होते, मग दलदल, मग कुरण, मग झाडी. याला अनुक्रमण म्हणतात. ते थांबवायचे तर कोणीतरी सतत वाढ काढून टाकली पाहिजे. म्हैस ते काम फुकट करत होती. ती गवत खाते, चिखल तुडवून मोकळा करते आणि शेणाच्या रूपाने तेच पोषण परत पाण्यात टाकते. शेणावर कीटक, कीटकांवर मासे आणि पक्षी. म्हैस गेली, तेव्हा गवत नुसते वाढले एवढेच झाले नाही. ते पाण्यातच मरून कुजू लागले. कुजण्याचे काम जिवाणू करतात आणि त्यासाठी ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. सूर्यप्रकाश सतरंजीने अडवलेला, म्हणून पाण्याखालच्या वनस्पती नवा प्राणवायू देत नाहीत. मग मासे कसे टिकणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण वादविवाद स्पर्धेत तुम्ही तिचा चुकीचा उपयोग कराल. चराई चांगली असते, असा याचा अर्थ नाही. हिमालयातल्या एखाद्या कुरणात किंवा वाळवंटाच्या कडेला जास्त गुरांनी जमीन उजाड होते, हेही तितकेच खरे आहे. प्रश्न म्हैस चांगली की वाईट हा नव्हता. या तळ्यात ती कोणत्या कामावर आहे, हा होता. आणि हे तळे माणसाने बांधलेले, गुरांसह वाढलेले होते. त्याच्या ड्यूटी चार्टवर म्हशीचे नाव पहिल्यापासून होते. पुढे गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून न्यायची सोय करण्यात आली. विळ्याने गवत निघते, पण चिखल तुडवला जात नाही आणि शेणही पडत नाही.

पाणी कुठून येते हे विचारा

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. उद्यानाला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते आणि ते पूर्वी मुख्यतः अजान बांधातून येई. वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात गंभीर नदीवर पांचना धरण आहे. तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवेच होते. २००४ च्या सुमारास धरणातून उद्यानाकडे पाणी सोडण्यावरून मोठा वाद झाला आणि तळे कोरडे पडू लागले. चित्रबलाक पावसाळ्यात घरटी बांधतात. पाणी नाही तर मासे नाहीत, मासे नाहीत तर पिल्लांना काय भरवणार? कोरड्या वर्षी वसाहती ओस राहिल्या. उघड्या पडलेल्या जमिनीवर वेडी बाभूळ पसरली. ती मूळची अमेरिका खंडातली, आणि एकदा रुजली की सहजी हटत नाही. नंतर गावांच्या समित्यांना ती मुळासकट उपटून लाकूड घरी न्यायची मुभा दिली गेली. ज्यांची गुरे बाहेर काढली त्याच गावांच्या हातांनी तळे साफ झाले, हे मला आवडते.

पुढे चंबळचे पाणी नळातून आणि गोवर्धन नाल्याचे पाणी असे पर्याय उभे राहिले. पण नदीच्या पुराबरोबर नुसते पाणी येत नसते. माशांची अंडी-पिल्ले, बिया, गाळ, त्यातले क्षार हे सगळे येते. नळातून आलेले पाणी तळे भरते, तळ्याची भरती मात्र तेवढीच होत नाही. भिंत बांधून परिसंस्थेची हद्द ठरत नाही, हा यातला मुद्दा. केवलादेवची हद्द एकीकडे करौलीच्या डोंगरात आहे आणि दुसरीकडे, हिवाळ्यात येणाऱ्या बदकांमुळे, मध्य आशिया आणि सैबेरियात. सैबेरियन क्रौंच इथे दर हिवाळ्यात येत, तेही २००२ नंतर दिसले नाहीत. त्यांच्या हजारो किलोमीटरच्या वाटेवर कुठेही गडबड झाली, तरी भरतपूरची जागा रिकामी राहते.

गिधाडांची रजा

आता सगळ्यात मोठी हानी. ती भरतपूरपुरती राहिली नाही, देशभर झाली. पण तिची पहिली पक्की नोंद याच उद्यानातली आहे. १९८० च्या दशकात इथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. डॉ. विभू प्रकाश हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ तेव्हा ती मोजत होते. १९९६ मध्ये परत मोजली तेव्हा संख्या निम्म्याहूनही खाली आली होती. झाडांवर माना टाकून बसलेली, आणि खाली मरून पडलेली गिधाडे त्यांना दिसली. त्यानंतरच्या काही वर्षांत त्या जातीचे एकही घरटे उरले नाही.

वर्गात मी हे सांगितले तेव्हा एका कॅडेटने हात वर केला. "सर, पण गिधाडे गेली तर बिघडले काय? घाणेरडी तर असतात." प्रामाणिक प्रश्न होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी गिधाडाचे पद ठरवू या. पुस्तके कधी कधी त्याला विघटक म्हणतात. ते चूक आहे. विघटक म्हणजे जिवाणू आणि बुरशी. ते मृत पदार्थ रेणूंपर्यंत मोडतात. गिधाड मृतभक्षक आहे. ते विघटकांच्या आधी पोचते आणि त्यांचे बरेचसे काम तासाभरात उरकते. मोठा थवा असेल तर बैलाची हाडे तेवढ्या वेळात साफ होतात. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. आपल्या देशात गुरांची संख्या प्रचंड आणि मेलेले जनावर गावाबाहेर ठरलेल्या जागी टाकण्याची रीत जुनी. कातडे कातडीवाले नेत, मांस गिधाडे, आणि स्वच्छ हाडे गोळा करणाऱ्यांचे पोट त्यावर चाले. पगार नाही, वाहन नाही, इंधन नाही, अशी ही सफाई पलटण होती.

मग ती मेली कशाने? कित्येक वर्षे कळेना. साथ असावी, कीटकनाशके असावीत, असे तर्क झाले. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून उत्तर मिळाले: डायक्लोफेनॅक. हो, तेच; पाठ दुखली की आपण ज्याची ट्यूब चोळतो ते वेदनाशामक. नव्वदच्या दशकात ते गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले. लंगडणाऱ्या, तापलेल्या बैलाला टोचले की आराम पडे. बैल एक-दोन दिवसांत मेला, तर औषध त्याच्या शरीरात राही. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि काही दिवसांत ते मरे. शवविच्छेदनात आतड्यांवर, काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडे.

आता गणित. मेलेल्या दर शंभर जनावरांत एकाहूनही कमी जनावरात घातक मात्रा असली, तरी झालेला ऱ्हास होण्यास तेवढे पुरेसे होते, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे पटत नाही ना? पण एका जनावरावर कित्येक गिधाडे एकदम बसतात आणि वर्षभरात एक गिधाड किती तरी जनावरे खाते. कधी ना कधी विषारी जनावर वाट्याला येणारच. दुसरी बाजू जन्माची. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः वीण करण्यास साधारण पाच वर्षे लागतात. उंदरांची निम्मी संख्या मेली, तर एका हंगामात भरून निघते. गिधाडांसारख्या जातीला वर्षाला थोडी अधिक मरतूकही सोसत नाही, कारण तिची सारी मदार प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगण्यावर आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. हजारातले एक उरले.

आणि त्या कॅडेटच्या प्रश्नाचे उत्तर? काम रिकामे राहत नाही. मेलेली जनावरे पडतच होती. गिधाडांच्या जागी आली ती भटकी कुत्री आणि उंदीर. पण बदली कामगार तेच काम तसेच करतो असे नाही. कुत्रा सावकाश खातो, अर्धे सोडतो, ते सडते आणि पाण्यात जाते. तो रोगजंतू मारत नाही, उलट रेबीज वाहतो, आणि गिधाडासारखा आकाशात न राहता माणसाच्या दारात राहतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की गिधाडे गेल्याने देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा माणसे मेली. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदर ताडून पाहिले. त्यांचा अंदाज त्याहून कितीतरी मोठा आहे: २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू. पद्धती वेगळ्या आहेत, काळ वेगळा आहे, म्हणून आकडे जुळत नाहीत. दिशा मात्र एकच आहे. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाला अंत्यसंस्काराच्या शतकानुशतकांच्या पद्धतीसाठी सौर ऊर्जेचे आरसे लावावे लागले, तेही याच कारणाने.

२००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. अॅसिक्लोफेनॅक नावाचे दुसरे औषध जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. त्यावर आणि कीटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित आहे आणि गुरांनाही गुणकारी. ज्या पालकांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांनी पुढच्या वेळी पशुवैद्याला औषधाचे नाव जरूर विचारावे. हरियाणात पिंजोर येथे २००१ पासून गिधाडांचे केंद्र चालते. तिथे अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात, आणि २०२४ मध्ये तिथली काही गिधाडे महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणली गेली. वर्षाला एक अंडे हा हिशेब मात्र केंद्रातही फारसा बदलत नाही. संख्या घटायला पंधरा वर्षे लागली, भरून यायला किती लागतील ते तुम्हीच मांडून पाहा.

सुट्टीतले काम

भरतपूरला जे घडले ते कोणी प्रयोग म्हणून केले नव्हते. पण एखादा घटक काढून काय बदलते ते पाहणे, ही पारिस्थितिकीतली मान्य पद्धत आहे, आणि ती कोणाला इजा न करता तुम्हीही वापरू शकता. सुट्टीत गावी किंवा आपल्या आवारात, एकाच गाईचे ताजे शेण घ्या आणि सारख्या आकाराच्या तीन पोव्या थापा. पहिली उघड्या मातीवर ठेवा. दुसरी मातीवरच, पण मच्छरदाणीच्या कापडाने नीट झाकून, म्हणजे वरून किडे येणार नाहीत. तिसरी प्लॅस्टिकवर ठेवून झाका, म्हणजे खालून वाळवी आणि गांडुळेही येणार नाहीत. सूर्य, हवा आणि जिवाणू तिन्हींना सारखेच मिळतील.

एका तासाने, पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पाहा. उघड्या पोवीवर किती माशा, किती शेणकिडे, भोके किती, पक्ष्यांनी उकरले का, काडी टोचल्यावर किती आत जाते, हे लिहा. सुट्टी पावसाळ्यात आली तर तिन्ही जागी पुढे गवत कसे उगवते तेही बघा. आणि गाईच्या मालकाला एक प्रश्न विचारा: गेल्या महिन्याभरात जनावराला जंताचे औषध दिले होते का, आणि कोणते? काही जंतनाशके शेणातून बाहेर पडतात आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतात. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांच्या पोव्या शेजारी ठेवता आल्या तर उत्तमच.

नोंदी तारीख, वेळ आणि हवामानासह वहीत असाव्यात, चित्रे पेन्सिलीने. सुट्टीनंतरच्या पहिल्या जीवशास्त्राच्या तासाला वह्या माझ्या टेबलावर हव्यात.